डोकं फिरलंय म्हणणाऱ्यांसाठी



या अंकासाठी कविता मागितली होती. कविता देत नाही, यावेळी गद्य घ्या. हीच गोष्ट कवितेत सांगितली तर तुम्ही टाळ्या वाजवाल, खांद्यावर थाप माराल आणि चहाला जाल. मला यावेळी टाळ्या नकोत.

मी गोरेगावचा. तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली. शाळा दहावीपर्यंत. पुढचं शिक्षण वाचनालयात आणि रुईच्या ढिगावर बसून. कापसाच्या हंगामात जिनिंगमधी असतो, हंगाम संपला की दालमिलमधी पोती उचलतो. वय सव्वीस. पाच वर्षांपूर्वी माझ्या दुखण्याला नाव मिळालं. केसपेपरवर ते इंग्रजीत असतं, बायपोलर. मराठी पुस्तकात द्विध्रुवीय विकार. हे दोन्ही शब्द माझ्या मायच्या कामाचे नाहीत. तिला मी हळदीच्या बाजारातले शब्द दिले. तेजी आणि मंदी. माय म्हणाली, "मंग असं सांग की. भाव चढतो, भाव पडतो." तिला जे एका वाक्यात कळलं ते चळवळीतल्या शिकलेल्या पोरांना अजून कळत नाही. म्हणून हा कागद.

आधी एक साफ करतो. सकाळी हसला, दुपारी चिडला, संध्याकाळी रडला, म्हणून कुणी बायपोलर होत नाही. एवढं सगळ्यांचंच होतं, उधारी असणाऱ्याचं जरा जास्त होतं. तेजी म्हणजे आठवडाभर किंवा त्याहून जास्त, जवळजवळ रोज, दिवसभर, माणूस स्वतःच्या मूळ चालीपेक्षा वेगळा चालतो. झोप दोन तासांवर येते आणि तरी थकवा नाही. बोलणं थांबत नाही. एक विचार संपायच्या आत दुसरा त्याच्या डोक्यावर पाय देऊन पुढं जातो. पैसा हातात टिकत नाही. आपण कुणीतरी फार मोठे, असं वाटायला लागतं. मंदी म्हणजे किमान दोन आठवडे, पुष्कळदा महिनोन्महिने, याच्या उलटं. उठवत नाही. भाकर मातीसारखी लागते. जगून करायचं काय, हा प्रश्न उशाला येऊन बसतो. काहींची तेजी हलकी असते, चार-पाच दिवसांची, कुणाच्या ध्यानात येत नाही. मग डॉक्टरला नुसती मंदी सांगितली जाते, नुसती उदासीची गोळी मिळते आणि ती गोळी कधी कधी तेजी पेटवते. म्हणून डॉक्टरसमोर बसलं की दोन्ही टोकं सांगायची.

माझी पहिली तेजी आली एप्रिलमधी. हंगाम लांबला होता, सोळा दिवस लागोपाठ रात्रपाळी. बहिणीच्या लग्नाला घेतलेली उचल मुकादमाच्या वहीत फिटत नव्हती. वरून जयंती तोंडावर. रात्री जिनवर, सकाळी वर्गणीला, दुपारी गाण्याच्या तालमीला. आठ दिवसांत चाळीस कविता लिहिल्या. हप्त्याची मजुरी नाक्यावरच्या पोरांत वाटून टाकली. मिरवणुकीत माईक हातात आला तो सोडलाच नाही. पोरं म्हणाली, आग आहे आग! एका मोठ्या कार्यकर्त्यानं मिठी मारली आणि म्हणाला, "हा आपला उद्याचा नेता." तेव्हा मी दहा दिवस धड झोपलो नव्हतो.

जुलैमधी मी खाटेवर होतो, भिंतीकडं तोंड करून. दोन महिन्यांच्या वर. त्या दिवसांत चळवळीतला एक जण आला. दारातूनच बोलला, "काय रे, थंड पडलास का?" आणि गेला. बाकीचे आले नाहीत.

चुलता म्हणाला, बाहेरचं झालंय, भगताकडं न्या. माय चुलीपुढून उठली. "आज्यानं देव पाण्यात सोडले ते काय आता भगताच्या पाया पडायला? माझ्या लेकराला दवाखाना लागतो." मायला २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा माहीत नव्हता. तिला आजा माहीत होता, तेवढ्यावर काम झालं.

आधी नेलं एका शहरातल्या खाजगी डॉक्टरकडं. त्यानं आडनाव विचारलं, मग काय करतोस विचारलं. गाणी, मोर्चे, सभा ऐकल्यावर पेन खाली ठेवला आणि म्हणाला, "ते सगळं सोड. तुम्हा लोकांची डोकी त्यानंच फिरतात." पुढं गावातल्या आशाताईनं जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्याचा वार सांगितला. तिथं गोळ्या सुरू झाल्या. तर आपल्याच एका जुन्या कार्यकर्त्यानं एकीकडं घेऊन सांगितलं, "गोळ्या सोड. बंडखोराला थंड करायला व्यवस्थेनं काढल्यात त्या."

डॉक्टरला माझी चळवळ म्हणजे रोग वाटली. कार्यकर्त्याला माझा रोग म्हणजे चळवळ वाटली. दोघांपैकी एकानंही विचारलं नाही की बाबा, किती रात्री झोपला नाहीस.

मुकादम कितीही लबाड असो, त्याच्या वहीत हजेरी, उचल आणि कपात वेगवेगळ्या रकान्यांत असतात. एकत्र मिसळली तर हिशेब लागत नाही आणि मार मजुराला बसतो. आपल्या डोक्याच्या दुखण्याचंही तेच आहे. रोग एका रकान्यात, ताण दुसऱ्या, स्वभाव तिसऱ्या. हे तीन एकमेकांना धक्के मारतात हे खरं, पण एक म्हणजे दुसरा नव्हे. मी जे वाचलं, ओपीडीच्या रांगेत ऐकलं आणि अंगावर घेतलं ते या तीन रकान्यांत मांडतो.

पहिला रकाना, रोग. हा रक्तामांसाचा आहे. घराण्यातून येण्याचा त्याचा कल मोठा, हे जुळ्यांवरच्या अभ्यासातून दिसलं आहे. पण अगदी एकासारख्या एक असणाऱ्या जुळ्यांतही एकाला होतो आणि दुसऱ्याला होत नाही, असंही आढळतं. म्हणजे बी एकच, तरी सगळं बी उगवत नाही. बहुतेकांना तो विशीच्या आसपास गाठतो, म्हणजे नेमका आपण चळवळीत पडतो त्या वयात. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात प्रौढांमधी हजारी तिघांना हा आजार त्या वेळी दिसला, आणि अशा शंभरातल्या सत्तर जणांना उपचारच मिळत नव्हता. सर्वेक्षण बारा राज्यांत झालं. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. राज्यातली चार जुनी सरकारी मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. त्या चारांतलं एकही मराठवाड्यात नाही. आपल्याला मोजायला कुणी आलं नाही आणि आपण मोजून घ्यायला गेलो तर भाडं परवडत नाही.

औषध मात्र महाग नाही. लिथियम. मोबाईलच्या बॅटरीत असतो तोच धातू, त्याचा क्षार. १९४९ साली ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड या डॉक्टरनं तेजीतल्या रुग्णांवर त्याचा उपयोग होतो हे छापून दाखवलं. तेजी-मंदी दोन्हींना तो आवर घालतो आणि आत्महत्येचा धोका कमी करतो. दुसरीही औषधं आहेत, कुणाला कोणतं लागू पडेल ते डॉक्टर ठरवतो. कष्टकरी माणसानं लिथियमबद्दल एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायची. ते रक्तात कमी झालं तर काम करत नाही, जास्त झालं तर विष होतं. म्हणून रक्त तपासून घ्यावं लागतं. आमच्याकडच्या उन्हाळ्यात घाम निथळतो, पाणी कमी पडतं, तेव्हा ते रक्तात वाढतं. अंग दुखतं म्हणून आपण मेडिकलवरून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी घेतो, त्यानंही वाढतं. हात जोरात कापणं, उलट्या-जुलाब, झोक जाणं, जीभ जड होणं, ही खूण दिसली की पाळी सोडून दवाखाना गाठायचा. हे मला रांगेतल्या एका हमालानं सांगितलं. तुमच्या वाड्यात कुणी या गोळीवर असेल तर त्याला तुम्ही सांगा.

मी कविता लिहितो, म्हणून गोळीनं कविता मरेल ही भीती मला होती. डेन्मार्कचे डॉक्टर मोगेन्स शाऊ यांनी लिथियम घेणाऱ्या चोवीस कलावंतांना विचारून १९७९ साली लिहिलं आहे. बारा जण म्हणाले काम वाढलं, सहा म्हणाले होतं तेवढंच आहे, सहा म्हणाले कमी झालं. माझं सांगतो. आठ दिवसांत चाळीस होणाऱ्या कविता आता होत नाहीत. वर्षात सात-आठ होतात. त्या चाळीसातल्या दोन टिकल्या आणि या सात-आठातल्या चार टिकतात. हिशेब तुम्हीच करा. बाबासाहेबांना मधुमेह होता, ते इन्सुलिन घेत. त्यामुळं त्यांची लेखणी थंड पडली असं म्हणायची कुणाची छाती आहे?

दुसरा रकाना, ताण. आमच्या गावात ताण मोजायला यंत्र लागत नाही. २०२३ साली गोरेगाव भागातल्या शेतकऱ्यांनी पीक गेलं, कर्ज फिटेना, आमचे अवयव विकत घ्या, असं सरकारला कळवलं. पेपरात आलं, टीव्हीवर आलं. शेत असणाऱ्याची ही गत, तर ज्याच्या नावावर बांधसुद्धा नाही त्यानं काय विकायला काढावं? त्यावर जातीचा ताण वेगळा. हॉटेलात कप कुठं ठेवायचा इथपासून खोली भाड्यानं मागताना आडनाव काय सांगायचं इथपर्यंत. तो एका दिवसाचा नसतो, रोजचा असतो, आणि रोजचाच असल्यामुळं कुणी त्याला ताण म्हणत नाही.

पण ताणानं सगळ्यांना बायपोलर होत नाही, नाहीतर अख्खा वाडा ओपीडीत बसला असता. ज्याच्यात बी आहे त्याचं बी ताण उगवून काढतो. रॉबर्ट पोस्ट या अमेरिकन डॉक्टरनं १९९२ साली असं मांडलं की पहिल्या झटक्याआधी मोठा धक्का बहुतेकदा सापडतो, पण झटके वाढत गेले की पुढं लहान धक्काही पुरतो, कधी धक्क्याविनाही येतो. एकदा पेटलेलं लाकूड पुन्हा लवकर धरतं, तसं. सगळे अभ्यास याच्या बाजूचे नाहीत. पण पहिल्या-दुसऱ्या झटक्यालाच उपचार धरला पाहिजे, एवढं त्यातून घेण्यासारखं आहे.

ताण म्हणजे नुसतं दुःख, असं मी समजत होतो. तसं नाही. मंदीआधी बहुतेकदा काहीतरी गेलेलं असतं. माणूस, काम, अब्रू. तेजीआधी मात्र कधी कधी काहीतरी मिळालेलं असतं. निवडून येणं, बक्षीस, भाषण गाजणं. हेही अभ्यासात दिसलं आहे. आणि दोन्ही वाटा जिथं मिळतात ती जागा म्हणजे झोप. १९८७ साली टॉमस वेअर आणि त्यांच्या साथीदारांनी लिहिलं की भांडण असो, प्रवास असो, बाळंतपण असो, प्रेम असो, ती गोष्ट झोप उडवते आणि उडालेली झोप तेजी आणते. हे वाचलं तेव्हा मला सोळा रात्रपाळ्या आठवल्या. जिनच्या मालकाला गाठींचा हिशेब असतो. माझ्या झोपेचा हिशेब कुठल्याच वहीत नव्हता.

घरातल्या ताणाबद्दलही बोलतो. ज्या घरात आजाऱ्याला सारखे टोमणे बसतात, आळशी, ऐतखाऊ, नाटकी, त्या घरात आजार लवकर उलटतो. हे अमेरिकेत १९८० नंतरच्या अभ्यासात पुन्हा पुन्हा दिसलं. संघटना हेही घरच आहे. "थंड पडलास का" हा टोमणा मी त्याच यादीत धरतो.

तिसरा रकाना, स्वभाव. इथं सगळ्यात जास्त गोंधळ आहे. लोक म्हणतात, त्याचा स्वभावच भडक. ती आधीपासूनच रडकी. स्वभाव म्हणजे आजार नसतानाचा माणूस. मी लहानपणापासून मोठ्यानं बोलतो, एक काम धरलं की ते संपेपर्यंत भूक विसरतो, शाबासकीनं फुगतो. गोळ्या घेऊनही मी तसाच आहे. रांगेत माझ्या पुढं एक भाऊ असतो, वीटभट्टीवरचा. तो मुळातच काळजी करणारा, सावकाराचा फोन यायच्या आधी घाम फुटणारा. आजार आम्हा दोघांचा एकच. पण मला तेजी जास्त येते, त्याला मंदी. डॉक्टरबाईंनी समजावलं की काळजीखोर स्वभावाला मंदीचं भय जास्त, आणि ध्येयामागं धावणाऱ्याला, यशानं पेटणाऱ्याला तेजीचं. म्हणून दोघांना पथ्यही वेगळं. त्यानं मंदीच्या दिवसांत एकटं बसायचं नाही. मी यशाच्या दिवशी लवकर झोपायचं.

स्वभाव बदला, असं त्या म्हणाल्या नाहीत. स्वभाव ओळखा म्हणाल्या. म्हणजे काय? मी भडक बोललो तर तो मी आहे. मी भडक बोललो, चार रात्री झोपलो नाही, खिसा रिकामा केला आणि तरी मला थकवा नाही, तर तो आजार आहे. तुलना दुसऱ्याशी करायची नाही. माझी तुलना माझ्याशी.

आता रागाचं बोलतो, कारण तुमच्या मनात तोच प्रश्न आहे. आमचा राग म्हणजे आजार ठरवला तर? ही भीती खोटी नाही. १८५१ साली अमेरिकेतल्या लुइझियानात सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरनं मालकाकडून पळून जाणाऱ्या काळ्या गुलामांना एक रोग होतो असं छापलं. रोगाचं नाव ठेवलं ड्रेपेटोमेनिया. स्वातंत्र्य हवं वाटणं हाच रोग! १९६० नंतर नागरी हक्कांचा लढा पेटला तेव्हा मिशिगनमधल्या आयोनियाच्या मनोरुग्णालयात काळ्या पुरुषांवर स्किझोफ्रेनियाचे शिक्के वाढत गेले. जोनाथन मेट्झल यांनी २०१० साली त्यावर पुस्तकच लिहिलं आहे. ज्यांच्या पँथरवरून आपण आपल्या पँथरला नाव दिलं, त्यांच्या वाट्याला हे आलं. तेव्हा पेन खाली ठेवून बोलणारा माझा डॉक्टर काही नवीन माणूस नव्हता.

पण आपल्या हातात आज एक कागद आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. २९ मे २०१८ पासून लागू. त्याचं तिसरं कलम सांगतं की माणसाचा राजकीय, आर्थिक, सामाजिक दर्जा पाहून, तो कुठल्या गटाचा आहे हे पाहून, किंवा तो समाजात चालणारी नैतिक, सामाजिक, राजकीय मूल्यं आणि धर्मसमजुती मानत नाही म्हणून, त्याला मानसिक रुग्ण ठरवता येणार नाही. म्हणजे राग हा रोग नाही, हे कायद्यात लिहिलेलं आहे. त्याच कायद्याचं अठरावं कलम सरकारी खर्चानं चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क देतं. म्हणजे रोग असला तर औषध हा हक्क आहे, हेही लिहिलेलं आहे. दोन्ही कलमं एकाच कायद्यात बसतात. मग आपल्या एका डोक्यात का बसू नयेत? जातीवर येणारा राग माझा आहे. तो गोळी घेतल्यावरही सकाळी माझ्याबरोबर उठतो. गोळीनं गेली ती फक्त सोळा रात्रींची जाग.

आता मागण्या. हात जोडत नाही, मागतो आहे.

कुणी पोरगा तीन-चार रात्री न झोपता जयंतीचं काम करत असेल तर त्याला आग म्हणू नका, घरी झोपायला पाठवा. माझ्यासारख्याला सभेतून रात्री दहाला उठू द्या आणि मागून हसू नका. कुणी महिनाभर दिसला नाही तर त्याला थंड पडला म्हणायच्या आधी त्याच्या घरी जा, आत जा, खाटेजवळ बसा. बोलायचं काही नसलं तर नुसते बसा. गोळ्या सोड, असा सल्ला डॉक्टरशिवाय कुणी कुणाला देऊ नये. मरणाचं बोलणारा सापडला तर त्याला एकटं सोडू नका. १४४१६ हा टेली-मानसचा फुकट नंबर आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. आणि कायद्याच्या पाचव्या व चौदाव्या कलमानं आपण शुद्धीत असताना लिहून ठेवू शकतो की आजारात मला कसे उपचार द्या, कसे देऊ नका, आणि माझ्या वतीनं कोण बोलेल. मी माझ्या बहिणीचं नाव लिहिलं आहे.

शेवटची मागणी माझ्या पोटाची. दसऱ्यानंतर जिन सुरू होतील. ठेकेदारानं आत्ताच सांगितलं आहे की रात्रपाळी सगळ्यांना, नाहीतर गेटबाहेर. माझ्याकडं सरकारी डॉक्टरची चिठ्ठी आहे, याला फक्त दिवसपाळी द्यावी म्हणून. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात मानसिक आजार मोजलेला आहे. पण माझं नाव पटावर नाही, नेमणुकीचं पत्र नाही, मी एकटा चिठ्ठी घेऊन गेलो तर तो म्हणेल, याचं डोकं फिरलंय. चार जण बरोबर आले तर त्याला चिठ्ठी वाचावी लागेल. आमच्या पाळीतल्या आणखी दोघांनाही रात्र झेपत नाही, एकाला मिरगी आहे, एकाला साखर. ते बोलायला घाबरतात. त्यांचंही त्याच दिवशी मांडू.

जिन सुरू व्हायच्या आदल्या सोमवारी, सकाळी आठ वाजता, गेटवर. कोण येणार ते संपादकांकडं कळवा.